शिष्यवृत्तीचा फलक लागला, पण सतरा मुलांना वाचता येत नाही

पत्र

मी जूनपासून बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेची मुख्याध्यापिका आहे. पहिली ते पाचवी, पट ७८, आम्ही तीन शिक्षक. तालुक्यात आमच्या शाळेचं नाव शिष्यवृत्तीसाठी घेतलं जातं. गेल्या वर्षी चार मुलं गुणवत्ता यादीत आली, वेशीवर फलक लागला. मी रुजू झाल्यावर तिसरी ते पाचवीच्या ४६ मुलांना एकेकटं बोलावून वाचायला लावलं. १७ जणांना चार ओळींचा सोपा उतारा वाचता आला नाही. त्यातल्या चौघांना अक्षरंच ओळखू येत नाहीत, सहा जण अक्षरांपाशी अडलेत, सात जण सुटे शब्द वाचतात पण वाक्य नाही. या १७ पैकी १२ मुलं तांड्यावरची, म्हणजे बंजारा वस्तीतली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत. तांड्यावरून या तीन वर्गांत एकूण १६ मुलं येतात. सहकारी म्हणतात, ‘सहा महिने मुलं इथं नसतातच, घरी कुणी अभ्यास विचारत नाही, आपण तरी किती करणार?’ गावातली मंडळी म्हणतात, काहीही करा, शिष्यवृत्तीच्या तासाला हात लावू नका. सगळ्या मुलांसाठी चांगली शाळा म्हणजे नेमकं काय, आणि सुरुवात कुठून करू?

– एक मुख्याध्यापिका

उत्तर

नमस्कार मॅडम,

रुजू झाल्या झाल्या तुम्ही एकेका मुलाला समोर बसवून वाचून घेतलंत, हे फार चांगलं केलंत. पुढचं सगळं काम यावरच उभं राहणार आहे. सगळा वर्ग एका सुरात धडा म्हणतो तेव्हा ही सतरा मुलं कधीच सापडत नाहीत. त्यांचे ओठ बरोबर हलत असतात. वह्यांतही ती सापडत नाहीत. त्यांच्या वह्या उघडून बघा, काहींचं अक्षर मोत्यासारखं असेल. फळ्यावरचं बघून उतरवणं त्यांना इतक्या वर्षांत छान जमलेलं असतं. अशा मुलाला त्याच्याच वहीतली खालून तिसरी ओळ वाचायला सांगा. ते इतके दिवस लिहीत नव्हतं, अक्षरांची चित्रं काढत होतं, हे लगेच कळेल.

चांगली शाळा कशी ओळखायची, याची एक साधी कसोटी रॉन एडमंड्स या अमेरिकी अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडली होती. त्याआधी, अमेरिकी शाळांवरच्या १९६६ च्या कोलमन अहवालापासून, तिकडे असा समज पक्का होत चालला होता की मूल किती शिकणार ते घरावर ठरतं, शाळेने फारसा फरक पडत नाही. तुमचे सहकारी म्हणतात तेच. एडमंड्सने गरीब वस्त्यांतल्या अशा शाळा शोधून दाखवल्या, जिथे गरिबांची मुलंही वाचन आणि गणित नीट शिकत होती. त्याची कसोटी अशी: किमान आवश्यक ते शिकलेल्या मुलांचं प्रमाण बऱ्या घरांत जेवढं आहे, तेवढंच गरीब घरांतही असेल तर ती शाळा चांगली. गुणवत्ता यादी, सरासरी, इमारत, रंगवलेल्या भिंती यांतलं काहीही त्या कसोटीत नाही.

ही कसोटी तुमच्याच आकड्यांना लावू. ४६ पैकी २९ मुलं उतारा वाचतात, म्हणजे ६३ टक्के. हा आकडा वर पाठवला तर कुणी भुवई उंचावणार नाही. आता त्याचे दोन भाग करा. गावातली ३० मुलं, त्यातली २५ वाचतात: ८३ टक्के. तांड्यावरची १६, त्यातली ४ वाचतात: २५ टक्के. एकाच छपराखाली दोन शाळा भरताहेत. नुसती सरासरी वाढवायची असेल, तर गावातल्या उरलेल्या पाच जणांवर मेहनत घेतली की ती ७४ च्या आसपास जाईल, आणि तांडा होता तिथेच राहील. म्हणून वर्षभर समोर ठेवायचे आकडे दोन, ८३ आणि २५. सतरा नावांची यादी तुमच्या टेबलाच्या काचेखाली हवी. व्हरांड्यात मात्र ती लावू नका.

सहकाऱ्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, ते खोडून काढत बसू नका. मुलं जातात हे खरंच आहे. पण ती जाईपर्यंतचे दिवस मोजून दाखवा. जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत सुट्या वजा जाता शाळेचे साधारण नव्वद दिवस मिळतात. उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’ या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेने सरकारी शाळांत दहा किंवा वीस दिवसांची वाचन-गणित शिबिरं घेतली. वर्षभराचे मिळून सुमारे पन्नास दिवस भरले आणि तेवढ्यात वाचनात ठळक फरक पडला. हरियाणात २०१२-१३ मध्ये शाळेचे शिक्षकच होते, फक्त रोजचा एक तास या कामासाठी राखला आणि त्या तासापुरती इयत्ता बाजूला ठेवून कुणाला किती वाचता येतं त्याप्रमाणे मुलांचे गट केले. तिथेही वाचन सुधारलं. नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य देऊन वेळ मात्र ठरवून दिला नाही, अशा ठिकाणी फारसं काही हाती लागलं नव्हतं. तुमच्याकडे नव्वदातले अजून बरेच दिवस शिल्लक आहेत. प्रश्न आहे तो तासाचा.

तास दिवसाच्या सुरुवातीला ठेवा, परिपाठ संपला की लगेच. जेवणानंतर ठेवलेला तास पंधरा दिवसांत बैठका, ऑनलाइन माहिती आणि पाहुणे खाऊन टाकतात. शिक्षक तीन आहेत म्हणून वाटणी सोपी आहे. एक जण पहिली-दुसरीच्या ३२ मुलांकडे. एक जण १७ मुलांकडे. उरलेली २९ वाचणारी मुलं तिसऱ्याकडे. त्यांनी जोडीने गोष्टी वाचाव्यात, वाचलेल्यावर पाच ओळी लिहाव्यात, नंतर एकमेकांना प्रश्न विचारावेत. वाचता येणाऱ्यांचा गट मोठा चालतो, न येणाऱ्यांचा चालत नाही.

सतरा जणांना शिकवायला तुमच्या शाळेतला सगळ्यात हुशार शिक्षक द्या. बहुतेक शाळांत नेमकं उलटं होतं: चांगला शिक्षक शिष्यवृत्तीला आणि नवखा किंवा कंटाळलेला या मुलांना. तुमच्याकडे शिष्यवृत्तीचा तास कोण घेतं ते पत्रात नाही, पण अंदाज येतो. त्याच शिक्षकाला हा तास द्या आणि कारण त्याला स्पष्ट सांगा: हे काम जास्त अवघड आहे म्हणून तुमच्याकडे देतेय.

पहिली-दुसरीच्या वर्गाकडे थोडं जास्त लक्ष असू द्या. तिसरीतली न वाचणारी मुलं तिथेच तयार होतात. तिकडची गळती बंद झाली नाही, तर दर जूनला तुम्हाला नवे सतरा सापडतील.

आता तो एक तास कसा घालवायचा. पहिली दहा मिनिटं गप्पा. एखादं चित्र, आदल्या दिवशीचा पाऊस, शेळीला झालेलं करडू, काहीही. तांड्यावरची मुलं घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात हे लक्षात ठेवा. त्यांची आई ‘याडी’ असते आणि भाकरी ‘बाटी’. मूल ‘याडी बाटी’ म्हणालं तर तसंच फळ्यावर लिहा, सगळ्यांकडून वाचून घ्या आणि खाली ‘आई’, ‘भाकरी’ लिहा. आपल्या तोंडचा शब्द फळ्यावर उमटतो आणि परत वाचताही येतो, हे मुलाने डोळ्यांनी बघणं फार महत्त्वाचं आहे. घरची बोली चुकीची ठरवली की मूल गप्प होतं, आणि गप्प मुलाला वाचायला शिकवणं जवळजवळ अशक्य असतं.

पुढची पंधरा मिनिटं अक्षरं. बहुतेक ठिकाणी घोडं इथेच अडतं. ‘क’ ते ‘ज्ञ’ पाठ, मग बाराखडी पाठ, मग शब्द, या वाटेने कच्च्या मुलाला पहिला खरा शब्द वाचायला सहा महिने लागतात. तोवर ऊस तोडायला निघायची वेळ होते. शिवाय बाराखडी तालावर म्हणता येते, ओळखता येत नाही. ‘कु’ विचारला की मूल मनातल्या मनात ‘क का कि की’ म्हणत तिथवर पोहोचतं. त्याऐवजी पाच अक्षरं आणि एक काना घ्या. म, क, न, र, ब. एवढ्यात काका, मामा, नाक, कान, राम, मका, बाक, बारा, नकार, कमान असे कितीतरी शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. दुसऱ्या आठवड्यात आणखी चार अक्षरं आणि पहिली-दुसरी वेलांटी, मग उकार, मग मात्रा. पुठ्ठ्याची कार्डं करा, काना आणि वेलांट्या वेगळ्या रंगात. मुलाने स्वतःच्या हाताने ‘न’पुढे काना आणि ‘क’ ठेवला पाहिजे आणि ‘नाक’ वाचलं पाहिजे. मग ‘न’ उचलून तिथे ‘ब’ ठेवला की ‘बाक’. चार-पाच मुलांत एक संच पुरतो.

‘घ… र…’ असं सुटं म्हणून थांबणाऱ्या मुलाला अक्षरं येतात, ती जोडता येत नाहीत. त्याला पुन्हा अक्षरं घोकायला लावू नका. दोन्ही अक्षरांखालून बोट न थांबवता सरकवा आणि आवाजही न तोडता काढायला सांगा. जोडाक्षरांची घाई नको. ती घ्याल तेव्हा ‘र’ वेगळा काढा. सूर्य, चक्र आणि वाऱ्यावर, तिन्हींतला ‘र’ वेगवेगळा दिसतो. चौथीतली मुलंही इथे ठेचकाळतात आणि आपण त्याला निष्काळजीपणा म्हणतो.

मग वीस मिनिटं सलग मजकुराचं वाचन, सहा ते आठ वाक्यांचा. ज्यांना अक्षरंच येत नाहीत त्या चौघांनीही यात बसायचं. आधी शिक्षकाने शब्दाखाली बोट ठेवत सावकाश वाचायचं, मग सगळ्यांनी मिळून, मग रोज चार-पाच जणांनी एकट्याने. एकट्याचं वाचन शिक्षकाच्या शेजारी बसून, हळू आवाजात. सगळ्या गटासमोर उभं करून नव्हे. रोज चार म्हटली तरी आठवड्यातून एकदा प्रत्येकाची पाळी येते. एकसुरात वाचनाला मर्यादा ठेवा. तिघं वाचतात आणि बाकीचे त्यांच्या मागे अर्ध्या क्षणाने बोलतात, कानाला मात्र सगळे वाचल्यासारखं ऐकू येतं. मजकूर पाठ झालाय का हे बघायचं असेल तर शेवटच्या वाक्यापासून वर वाचायला सांगा.

शेवटची पंधरा मिनिटं पाटीवर लिहिणं, पण बघून नाही, ऐकून. आज वाचलेल्यातले पाच शब्द आणि एक वाक्य. ज्याला अजून तेवढं येत नाही त्याने दोन शब्द.

गणिताला रोज पाऊण तास द्या, हीच पद्धत. तिथला एकच मुद्दा सांगतो, कारण तो मराठीतलाच आहे. २७ ला आपण सत्तावीस म्हणतो, आधी सात आणि मग वीस. लिहिताना आधी दोन. मूल ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहितं तेव्हा ते कानाने ऐकलेल्या क्रमाने लिहीत असतं. एकोणतीस तर त्याहून वाईट, तीसला एक कमी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचन जोडून दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, पण वर्गात कच्च्या मुलांना त्याने खरोखर मदत होते. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधा, दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या हातात द्या, आधी ‘वीस सात’ आणि मग ‘सत्तावीस’ म्हणवून घ्या. ५२ वजा ३८ चं उत्तर २६ आलं तर मुलाने एककात आठातून दोन काढलेत, लहान आकडा मोठ्यातून. तिथे हातच्याची रीत पुन्हा सांगून काही होत नाही. एक गठ्ठा त्याने स्वतः सोडला की दोनाचे बारा कसे झाले ते दिसतं.

दर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणाची चार पायऱ्यांची पट्टी पुरेशी आहे: अक्षरं, शब्द, छोटा उतारा, गोष्ट. पाच शब्दांपैकी चार बरोबर आले की शब्दाची पायरी पार. उतारा वाक्यांच्या लयीत वाचला आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या नाहीत की ती पायरी पार. एका मुलाला तीन-चार मिनिटं लागतात, सतरा जणांना मिळून तास. उतारा दर वेळी नवा. वर गेलेलं मूल त्याच दिवशी पुढच्या गटात गेलं पाहिजे, महिन्याभराने नव्हे. गट गोठले की ते ‘ढ’ मुलांचा वर्ग होतात, आणि मुलांना ते आपल्या आधी कळतं. म्हणून गटांना अ-ब-क अशी नावं देऊ नका आणि हा एक तास आणि गणिताचा पाऊण तास सोडून बाकी सगळा दिवस मुलं आपापल्या इयत्तेतच बसू द्या.

दोन तपासण्यांत, म्हणजे सहा आठवड्यांत, एखादं मूल पायरी सोडत नसेल तर क्रमाने बघा. आधी हजेरी: त्या सहा आठवड्यांत ते किती दिवस होतं? बाजाराच्या दिवशी किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला मुली घरी राहतात, ते हजेरीपटावर वारांप्रमाणे बघितलं की दिसतं. मग डोळे: फळ्यावरचं शेजारच्याच्या वहीतून उतरवतं का, पुस्तक नाकाशी धरतं का? मग कान. पावसाळ्यात कान वाहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि कान वाहत असताना बरंच ऐकू येत नाही. मुलाच्या मागे दोन हातांवर उभं राहून कुजबुजत तीन शब्द म्हणा आणि परत म्हणायला सांगा. ही नुसती चाळणी आहे, निदान नाही. अडलेलं मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. पथक शाळेत वर्षातून एकदा येतं, तेव्हा नावांची यादी तयार हवी, आणि लवकर येणार नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तोवर त्या मुलाला पुढच्या रांगेत, खिडकीचा उजेड पाठीमागून येईल असं बसवा. हे सगळं ठीक असूनही मूल अडलेलंच असेल तर गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना बोलवा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मोडते, आणि अशा मुलाला शिकवण्याच्या वेगळ्या रीती आहेत. पण क्रम उलटा करू नका. कुणी नीट शिकवलंच नाही अशा मुलावर आधीच शिक्का मारणं हा अन्याय आहे, आणि तो आपल्याकडे सर्रास होतो.

उरलेल्या दिवसभरासाठी दोनच सवयी सुचवतो, तिन्ही शिक्षकांसाठी. पहिली, पाटी. प्रश्न विचारला की हात वर करायला न लावता सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहायचं आणि ‘दाखवा’ म्हटलं की एकदम वर धरायचं. एका नजरेत तिसातले कोण चुकले ते दिसतं, आणि न येणारं मूल एकटं उघडं पडत नाही. दुसरी, प्रश्न विचारून झाल्यावर मनात पाच अंक मोजायचे आणि मगच नाव घ्यायचं. बहुतेक शिक्षक सेकंदभरही थांबत नाहीत, त्यामुळे तीच चार पटकन बोलणारी मुलं वर्ग चालवतात. विश्वास बसत नसेल तर अर्धा तास मागे बसून बाकांचा नकाशा काढा आणि शिक्षक ज्या मुलाशी बोलेल तिथे टिंब द्या. टिंबं कुठे दाटतात आणि कुठे एकही नसतं, हे शिक्षकाला त्याच्याच वर्गाच्या कागदावर दाखवा, एकांतात. टीका न करता नुसता कागद हातात द्या. तुमच्या वर्गाचा असाच कागद त्यांना काढू द्या, आधी तुमचा.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिघांनी चाळीस मिनिटं बसा. विषय एकच: यादीतली नावं. कोण वर गेलं, कोण अडलंय, अडलेल्यासाठी सोमवारी कोण काय वेगळं करणार. परिपत्रकं, माहिती, फोटो यांतलं काहीही त्या चाळीस मिनिटांत नको. मुख्याध्यापक म्हणून तुमच्या हातात असलेलं सगळ्यात मोठं हत्यार हेच आहे.

शिष्यवृत्तीचा तास बंद करू नका. गाव त्यात मनाने गुंतलेलं आहे आणि त्या मुलांचाही त्यावर हक्क आहे. फक्त तो शाळेच्या मुख्य वेळेतून बाहेर काढा, आठवड्यातून तीन दिवस ठेवा, उरलेले दिवस तीच जागा आणि तोच वेळ सतरा जणांच्या गोष्टीच्या पुस्तकांना द्या. आणि शिष्यवृत्तीला बसणारी मुलं शिक्षकांनी निवडण्याची पद्धत मोडा. ज्याला बसायचंय त्याने बसावं. तांड्यावरच्या ज्या चार जणांना वाचता येतं, त्यांना आजवर कुणी विचारलं होतं का, ते बघा.

आता स्थलांतर. इथे सगळं वेळेवर अवलंबून आहे. ऊसतोडीची टोळी नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती पावसाळ्यात. एकदा उचल घेतली की किती माणसं जाणार, लहानग्याला सांभाळायला कोणती मुलगी न्यायची, हे घरात ठरून गेलेलं असतं. दिवाळीत टायरगाडी दाराशी उभी असताना केलेली विनवणी फुकट जाते. म्हणून घरोघरी जायचं ते आत्ता, श्रावणात. प्रत्येक घरात एकच प्रश्न: आजी-आजोबा किंवा चुलते मागे राहणार आहेत का? राहणार असतील तर त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाचा (मूल गावातच नातेवाइकांकडे राहतं, जेवणाची सोय होते) प्रस्ताव ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून दसऱ्याच्या बराच आधी गेला पाहिजे, मुलांची नावं आणि पालकांच्या सह्यांसह. मंजुरी उशिरा आली की मुलं निघून गेलेली असतात, आणि पुढच्या वर्षी तो अनुभव सांगून लोक सही द्यायला कचरतात. आईचा पहिला प्रश्न मुलीच्या रात्रीच्या सुरक्षिततेचा असेल. ती कुणाच्या घरी झोपणार, संध्याकाळचं जेवण कुठे, आजारी पडली तर फोन कोण करणार, याची उत्तरं घेऊनच जा.

जी जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, आणि त्यावर मूल कोणत्या पायरीवर आहे ते तुमच्या हाताने लिहा: ‘शब्द वाचते, उतारा अडखळत.’ कारखान्याच्या परिसरातल्या शिक्षकाला तेवढं वाक्य पुरतं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला आला नाही म्हणून दुसरी शाळा प्रवेश अडवू किंवा लांबवू शकत नाही. हे पालकांना तोंडी सांगा आणि जमल्यास कार्डाच्या मागे लिहून द्या. कारखान्याचं नाव, मुकादमाचा आणि आईचा नंबर वहीत नोंदवा. महिन्यातून एकदा फोन करा आणि मुलाकडून फोनवरच चार ओळी वाचून घ्या. सोबत दोन पातळ पुस्तकं द्या. ती फाटतील, तिथल्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भिजतील, परत येणार नाहीत हे धरूनच द्या.

मार्च-एप्रिलमध्ये मुलं परततात तेव्हा शाळा परीक्षांच्या आणि वर्ष गुंडाळायच्या नादात असते. त्यांना नेमकी तेव्हाच पुन्हा तपासणी आणि रोजचा तास हवा असतो. सुटीपर्यंतचे उरलेले वीस-पंचवीस दिवस त्यासाठी आधीच राखून ठेवा. परत आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी ‘इतके दिवस कुठे होतास?’ असं कुणीही विचारायचं नाही. ते कुठे होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

तांड्यावरच्या पालकांना शाळेत अकरा वाजता सभेला बोलावू नका, त्या दिवसाचा रोज बुडतो. संध्याकाळी सात वाजता तांड्यावर जा. ‘मुलांचा अभ्यास घ्या’ असं अक्षरओळख नसलेल्या आईला सांगणं म्हणजे तिला खाली मान घालायला लावणं. तिला सांगा: मुलीने रोज दहा मिनिटं वाचायचं, तुम्ही नुसतं ऐकायचं आणि मध्येच विचारायचं, ‘मग पुढं काय झालं?’ शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा. तुमच्या समितीत तांड्यावरचं कोण आहे? एखादं नाव नुसतं सहीपुरतं असेल, तर पुढची बैठकच तांड्यावर घ्या.

गावाला काय सांगायचं, हे तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण पत्रात ती काळजी दिसते. १५ ऑगस्टच्या ध्वजवंदनाला सगळं गाव येईल. शिष्यवृत्तीच्या मुलांचा सत्कार नेहमीप्रमाणे करा. त्यानंतर दोन आकडे सांगा, नाव कुणाचं न घेता, तांडा-गाव असाही उल्लेख न करता: तिसरी ते पाचवीत ४६ मुलं आहेत, २९ वाचतात, १७ अजून वाचत नाहीत, दिवाळीपर्यंत यातली किती वाचू लागली ते याच ओट्यावर सांगू. त्याआधी तुमच्या हातात एक तपासणी झालेली असली पाहिजे. आज तास सुरू केलात तर ती ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते.